खांब वाकतो किती, पिळतो किती: त्रिमितीतला मोमेंट सदिशांनी काढताना

कागदावरच्या सपाट आकृतीत मोमेंट, म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, काढणं बहुतेकांना जमतं. बल गुणिले लंब अंतर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत असेल तर उणे, उलट फिरवत असेल तर अधिक, झालं. खरी अडचण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये त्रिमितीतलं पहिलं गणित येतं तेव्हा सुरू होते. बल तिरकं, बिंदू भलतीकडेच, आणि लंब अंतर कुठून कुठे मोजायचं तेच दिसत नाही. घड्याळाची दिशा तरी कोणत्या बाजूने बघून ठरवायची? समोरून बघणाऱ्याला जे उजवीकडे फिरतं, तेच मागून बघणाऱ्याला डावीकडे फिरतं.

सदिश (किती आणि कोणत्या दिशेने, दोन्ही सांगणारी राशी) वापरले की या दोन्ही अडचणी एकदमच सुटतात. लंब अंतर शोधावं लागत नाही आणि दिशा आपोआप चिन्हात उतरते. पण गणित आलं म्हणजे विषय आला असं नाही. उत्तरात तीन आकडे येतात आणि पुष्कळ विद्यार्थी त्यांच्या वर्गांची बेरीज करून, वर्गमूळ काढून, खाली दुहेरी रेघ मारून मोकळे होतात. त्या तीन आकड्यांत तीन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात. त्या वाचता आल्या नाहीत, तर मोमेंट अर्धाच काढलेला असतो. म्हणून या लेखात आकडेमोडीइतकाच भर उत्तर वाचण्यावर आहे.

सोबत लागणारं सामान फार नाही: पायथागोरसचं प्रमेय, अधिक-उण्याची सवय आणि दहावीत क्रेमरच्या पद्धतीत सोडवलेला दोन बाय दोनचा निश्चयक.

आधी चाकाचा नट

मोटारीचं चाक बदलताना एल आकाराच्या पान्याने नट सैल करायचा आहे. तुम्ही चाकासमोर बसला आहात. उजवीकडची दिशा एक्स, वरची वाय आणि चाकातून तुमच्याकडे येणारी झेड, असे अक्ष धरा. आरंभबिंदू नटावर. पान्याचा दांडा उजवीकडे ०.४ मीटर लांब आहे आणि पान्याला वळण असल्यामुळे तो नटापासून तुमच्याकडे ०.१ मीटर पुढे आला आहे. दांड्याच्या टोकाला तुम्ही २५० न्यूटन बलाने वर ओढता.

सदिश लिहिताना आपण तिन्ही घटक एका कंसात क्रमाने लिहू: आधी एक्सचा, मग वायचा, मग झेडचा. नटापासून हातापर्यंतचा स्थानसदिश स = (०.४, ०, ०.१) मीटर. बल ब = (०, २५०, ०) न्यूटन. मोमेंट म हा या दोघांचा सदिश गुणाकार, वर्गात ज्याला सगळे क्रॉस प्रॉडक्ट म्हणतात तो:

म = स × ब

त्याचे तीन घटक असे निघतात. पहिला घटक एक्सचा, दुसरा वायचा, तिसरा झेडचा.

म१ = स२·ब३ − स३·ब२
म२ = स३·ब१ − स१·ब३
म३ = स१·ब२ − स२·ब१

अंक १, २, ३, १, २, ३ असे चक्रात फिरतात हे बघा. म१ मध्ये १ सोडून पुढचे २ आणि ३ येतात, म२ मध्ये ३ आणि १, म३ मध्ये १ आणि २. उजव्या बाजूच्या पहिल्या पदात अंक चक्राच्या क्रमाने येतात, दुसऱ्या पदात ते उलटतात आणि त्याआधी उणे चिन्ह येतं. एवढं लक्षात राहिलं की सूत्र पाठ करायची गरज नाही.

नटाचे आकडे घाला. म१ = ०·० − ०.१·२५० = −२५. म२ = ०.१·० − ०.४·० = ०. म३ = ०.४·२५० − ०·० = १००. म्हणजे म = (−२५, ०, १००) न्यूटन-मीटर.

झेडभोवतीचा १०० हाच तुमच्या कामाचा. उजव्या हाताचा अंगठा झेडच्या दिशेला, म्हणजे स्वतःकडे धरा. मिटलेली बोटं ज्या दिशेने वळतात ती अधिक दिशा. तुमच्या बाजूने बघितलं तर ती घड्याळाच्या उलट, म्हणजे नट सैल होण्याची दिशा आहे. पण एक्सभोवतीचा −२५ हा काय प्रकार आहे? तो नट अजिबात फिरवत नाही. तो पाना वर कलवतो आणि नटावरून निसटवू बघतो. जोर लावताना पाना निसटून हाताची सालटं निघतात, त्यामागे हाच घटक असतो. पाना जितका बाहेर आलेला, तितका हा आकडा मोठा.

आता चार हातांचा फुलीसारखा पाना घ्या. उजव्या हाताने ०.२ मीटरवर २५० न्यूटन वर आणि डाव्या हाताने तेवढ्याच अंतरावर, पण दुसऱ्या बाजूला, २५० न्यूटन खाली. उजव्या हाताचा मोमेंट (−२५, ०, ५०). डाव्या हाताचा स्थानसदिश (−०.२, ०, ०.१) आणि बल (०, −२५०, ०), त्यामुळे मोमेंट (२५, ०, ५०). बेरीज (०, ०, १००). नटावर तेवढाच १००, पण निसटवणारा २५ पूर्ण गळून पडला. दोन समान, समांतर आणि विरुद्ध बलांच्या अशा जोडीला बलयुग्म म्हणतात. तिचा अभ्यास फ्रेंच गणिती लुई प्वाँसो याने १८०३ मध्ये मांडला. युग्माचं वैशिष्ट्य असं की त्याचा मोमेंट कोणत्याही बिंदूभोवती घेतला तरी तोच येतो, कारण बलांची एकूण बेरीज शून्य असते. त्यामुळे युग्माच्या गणितात बिंदू निवडायची काळजीच उरत नाही.

अक्ष मांडताना

गणित चुकण्याची सुरुवात बहुधा इथेच होते, म्हणून इथे घाई करू नका. अक्ष कसेही मांडता येतात, पण ते उजव्या हाताचे हवेत: उजव्या हाताची बोटं एक्सकडून वायकडे वळवली की अंगठा झेडकडे गेला पाहिजे. डाव्या हाताचे अक्ष धरले आणि सूत्र तेच वापरलं तर मोमेंटची दिशा सरळ उलटी येते, आणि आकडेमोड कितीही तपासली तरी चूक सापडत नाही, कारण ती आकडेमोडीत नसतेच.

इमारतीच्या किंवा खांबाच्या गणितात झेड वर ठेवणं सोयीचं असतं, कारण मग वजन नेहमी (०, ०, −वजन) असं येतं. एक्स हा एखाद्या तुळईच्या किंवा भुजेच्या दिशेने ठेवा. जितके घटक शून्य होतील तितकं बरं. आरंभबिंदू तिथे ठेवा जिथे मोमेंट हवा आहे. मग स्थानसदिश म्हणजे थेट बल लागण्याच्या जागेचे निर्देशांकच होतात, वजाबाकी करावी लागत नाही.

बिंदू दुसरीकडे असेल तर वजाबाकी लागते, आणि तिचा क्रम कायमचा ठरलेला आहे: बल लागतं त्या जागेचे निर्देशांक वजा मोमेंट घ्यायच्या बिंदूचे निर्देशांक. सदिशाचं शेपूट मोमेंटच्या बिंदूवर, टोक बलावर. तसाच गुणाकाराचा क्रमही: आधी स, मग ब. साध्या संख्यांच्या गुणाकाराची सवय इथे घात करते. ब × स केलं तर उत्तर तेच, पण चिन्हं सगळी उलटी.

रस्त्यावरचा फलक: एक पूर्ण गणित

महामार्गांवर एकाच खांबावरून आडवी भुजा काढून रस्त्याच्या वर टांगलेले दिशादर्शक फलक तुम्ही पाहिले असतील. बांधकामवाले याला कॅन्टिलिव्हर गॅन्ट्री म्हणतात. त्रिमितीतला मोमेंट शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण इथे वाकणं दोन प्रकारचं आहे आणि शिवाय पीळही आहे.

खांबाचा पाया हा आरंभबिंदू. एक्स भुजेच्या दिशेने, म्हणजे रस्त्याला आडवा. वाय रस्त्याच्या लांबीच्या दिशेने. झेड वर. फलकाचा मध्य खांबापासून ५ मीटर पुढे आणि जमिनीपासून ६ मीटर वर आहे: स = (५, ०, ६) मीटर.

आता बल. फलक ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच, म्हणजे ६ चौरस मीटर. वारा रस्त्याच्या दिशेने येऊन थेट फलकावर आदळतो आहे. वाऱ्यासाठीच्या आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात पुण्यासाठी मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, मुंबईसाठी ४४. दाब काढताना वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणतात: ०.६ × ३९ × ३९ = ९१२.६ न्यूटन प्रति चौरस मीटर. प्रत्यक्ष डिझाइनमध्ये उंची, भूभाग, आकार यांचे गुणांक लागतात. आपण ते बाजूला ठेवू, कारण इथे मुद्दा मोमेंटचा आहे. ६ चौरस मीटरवर सुमारे ५,५०० न्यूटन, म्हणजे ५.५ किलोन्यूटन. फलकाचं वस्तुमान १५० किलो धरलं तर वजन साधारण १.५ किलोन्यूटन. वारा वायच्या अधिक दिशेने धरू.

ब = (०, ५.५, −१.५) किलोन्यूटन.

आकडेमोडीसाठी कागदावर एक छोटी मांडणी करा. स चे आकडे एका ओळीत दोनदा लिहा, त्याखाली ब चे दोनदा:

५   ०   ६   ५   ०   ६
०   ५.५   −१.५   ०   ५.५   −१.५

पहिला आणि शेवटचा स्तंभ खोडा. उरतं ते असं:

०   ६   ५   ०
५.५   −१.५   ०   ५.५

आता शेजारशेजारच्या दोन-दोन स्तंभांचा निश्चयक डावीकडून क्रमाने काढत जा. वरचा डावा गुणिले खालचा उजवा, वजा वरचा उजवा गुणिले खालचा डावा.

म१ = ०·(−१.५) − ६·५.५ = −३३
म२ = ६·० − ५·(−१.५) = ७.५
म३ = ५·५.५ − ०·० = २७.५

म = (−३३, ७.५, २७.५) किलोन्यूटन-मीटर.

पुस्तकात तीन बाय तीनचा निश्चयक एकक सदिश, म्हणजे १ लांबीचे सदिश, घेऊन देतात. तिथे मधल्या घटकाला उणे चिन्ह लावायचं असतं आणि परीक्षेच्या घाईत ते हटकून राहतं. वरच्या मांडणीत ते चिन्ह क्रमातच मुरलेलं आहे, म्हणून नवख्यांनी हीच वापरावी असं माझं मत आहे.

पुढे जाण्याआधी तपासणी. सदिश गुणाकाराचं उत्तर दोन्ही मूळ सदिशांना लंब असतं, म्हणून त्याचा दोघांशीही अदिश गुणाकार, म्हणजे जोडीजोडीने घटक गुणून केलेली बेरीज, शून्य यायला हवा. स बरोबर: ५·(−३३) + ०·७.५ + ६·२७.५ = −१६५ + १६५ = ०. ब बरोबर: ०·(−३३) + ५.५·७.५ + (−१.५)·२७.५ = ४१.२५ − ४१.२५ = ०. दोन्ही जुळले. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि आकडेमोडीतल्या बहुतेक चुका ती पकडते. फक्त एक ध्यानात ठेवा: स उलटा घेतला असेल किंवा गुणाकाराचा क्रम चुकला असेल, तर तिन्ही चिन्हं एकदम उलटतात आणि तरीही शून्यच येतं. ती चूक पकडायला उत्तर वाचावं लागतं.

तीन आकडे, तीन दृश्यं

ड्रॉइंगच्या तासाला शिकलेले प्लॅन, एलिव्हेशन आणि साइड व्ह्यू इथे कामाला येतात. मोमेंटचा प्रत्येक घटक म्हणजे त्या-त्या अक्षाच्या टोकाकडून बघितल्यावर दिसणारं फिरणं.

एक्सच्या टोकाकडून, म्हणजे भुजेच्या टोकासमोर उभं राहून खांबाकडे बघा. पुढे आलेली भुजा दिसतच नाही, फक्त ६ मीटर उंचीवर आडवा ढकलणारा वारा दिसतो. ६ × ५.५ = ३३. वारा खांबाला रस्त्याच्या लांबीच्या दिशेने वाकवतो आहे. चिन्ह उणे, कारण एक्सभोवतीची अधिक दिशा वायकडून झेडकडे जाते, आणि वारा खांबाचा माथा झेडकडून वायकडे नेतो.

वायच्या टोकाकडून बघा. आता वारा सरळ तुमच्या दिशेने येतो, त्यामुळे तो काहीच फिरवत नाही. दिसतं ते ५ मीटर पुढे लोंबणारं वजन. ५ × १.५ = ७.५. हे वजन खांबाला भुजेच्या बाजूला, रस्त्यावर झुकवतं. वायभोवतीची अधिक दिशा झेडकडून एक्सकडे, म्हणून चिन्ह अधिक.

शेवटी वरून, प्लॅनमध्ये बघा. खांब एक ठिपका होतो, त्यातून ५ मीटर लांब भुजा निघते आणि तिच्या टोकाला वारा आडवा ढकलतो. ५ × ५.५ = २७.५. हा खांबाला पिळतो. समोरून आणि बाजूने कितीही आकृत्या काढल्या तरी हा पीळ दिसत नाही. सपाट आकृतीची सवय घेऊन आलेला विद्यार्थी नेमका हाच घटक विसरतो, आणि इथे तो वजनाने होणाऱ्या वाकण्याच्या साडेतीन पटींहून मोठा आहे. पोलादी खांबाचा छेद बहुधा गोल किंवा चौकोनी पण बंद नळीचा निवडतात, त्याचं एक मोठं कारण हा पीळच. उघडा आय आकाराचा छेद वाकायला उत्तम, पण पिळायला फारच कमकुवत.

परिमाण हवं असेल तर (−३३)² + ७.५² + २७.५² = १९०१.५, वर्गमूळ सुमारे ४३.६ किलोन्यूटन-मीटर. पण हा आकडा घेऊन खांब डिझाइन करता येत नाही. लागतात ते दोन वेगळे आकडे: वाकण्यासाठी ३३ आणि ७.५ यांचा एकत्रित सुमारे ३३.८, आणि पिळासाठी २७.५. म्हणूनच घाईने वर्गमूळ काढू नका असं सुरुवातीला म्हटलं.

चिन्हांचा आधीच अंदाज घेण्याची सवय लावा. दोन गोष्टी कायम खऱ्या: बल एखाद्या अक्षाला समांतर असेल, किंवा त्याची रेषा त्या अक्षाला छेदत असेल, तर त्या अक्षाभोवती त्याचा मोमेंट शून्य. वजन झेडला समांतर आहे, म्हणून ते खांबाला कधीच पिळणार नाही. हे गणिताआधी कळलं, तर उत्तरात तिथे आकडा आला की लगेच खटकतं.

आणखी बलं आणि आणखी बिंदू

भुजेचंही वजन आहे. ते ०.८ किलोन्यूटन धरा, भुजेच्या मध्यावर, (२.५, ०, ६) इथे. त्याचा मोमेंट (०, २, ०). एकूण मोमेंट (−३३, ९.५, २७.५). कितीही बलं असली तरी प्रत्येकाचा वेगळा मोमेंट काढून घटकवार बेरीज करायची. अट एकच, सगळे मोमेंट त्याच एका बिंदूभोवती घेतलेले हवेत. एका बलाचे घटक पाडून प्रत्येकाचा मोमेंट वेगळा काढला तरी बेरीज तीच येते. हे प्रमेय पिएर व्हारिन्यों (१६५४–१७२२) याच्या नावाने ओळखलं जातं. सदिशांच्या भाषेत ते गुणाकाराच्या वितरण नियमात आपसूकच येतं. व्हारिन्योंच्या काळी ही भाषा नव्हती. आज आपण वापरतो तो सदिश गुणाकार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी रुळवला.

समजा, मोमेंट जमिनीच्या पातळीवर न घेता १.५ मीटर खोल काँक्रीटच्या तळाशी हवा आहे. सगळं नव्याने काढायला नको. नव्या बिंदूपासून जुन्या बिंदूपर्यंतचा सदिश (०, ०, १.५) घ्या आणि त्याचा एकूण बलाशी सदिश गुणाकार करून जुन्या मोमेंटमध्ये मिळवा. एकूण बल (०, ५.५, −२.३), गुणाकार (−८.२५, ०, ०), नवा मोमेंट (−४१.२५, ९.५, २७.५). वाऱ्याचं वाकवणं वाढलं, वजनाचं आणि पिळाचं तेवढंच राहिलं. खांबाच्या रेषेत खाली उतरलं की असंच व्हायला हवं.

बल दोरीतून येत असेल तर

वरच्या गणितात बलाचे घटक सरळ मिळाले. दोरी, साखळी, स्टे वायर (खांबाला ताणून धरणारी तार) यांत फक्त ताण माहीत असतो आणि दोन टोकं कुठे आहेत ते. अशा वेळी दिशा त्या दोन टोकांवरूनच काढायची.

विजेच्या खांबाची स्टे वायर खांबाला ६ मीटर उंचीवर, (०, ०, ६) इथे बांधली आहे आणि जमिनीत (२, ३, ०) इथे रोवली आहे. ताण ३.५ किलोन्यूटन. तार खांबाला जमिनीकडे ओढते, म्हणून दिशा खांबापासून जमिनीकडे: (२, ३, ०) − (०, ०, ६) = (२, ३, −६). लांबी √(४ + ९ + ३६) = ७ मीटर. प्रत्येक घटकाला ७ ने भागलं की दिशेचा एकक सदिश मिळतो, त्याला ३.५ ने गुणलं की बल: ब = (१, १.५, −३) किलोन्यूटन. तार कधी ढकलत नाही, नेहमी ओढते. दिशेबद्दल शंका आली की हे आठवा.

खांबाच्या बुंध्याभोवती मोमेंट, स = (०, ०, ६) घेऊन: म = (०·(−३) − ६·१.५, ६·१ − ०·(−३), ०·१.५ − ०·१) = (−९, ६, ०) किलोन्यूटन-मीटर.

आता तेच गणित तारेचं दुसरं टोक घेऊन करून बघा, स = (२, ३, ०): म१ = ३·(−३) − ०·१.५ = −९. म२ = ०·१ − २·(−३) = ६. म३ = २·१.५ − ३·१ = ०. उत्तर तेच. स्थानसदिशाचं टोक बलाच्या रेषेवर कुठेही असलं तरी चालतं. त्यामुळे ज्या बिंदूचे निर्देशांक सोपे, ज्यात शून्यं जास्त, तो निवडा. आणि वेळ असेल तेव्हा दुसऱ्या बिंदूने पुन्हा काढा. ही सर्वांत भरवशाची पडताळणी आहे.

झेडभोवतीचा मोमेंट शून्य आला, कारण तारेची रेषा खांबाच्या अक्षाला छेदते. तार खांबाला पिळू शकत नाही, हे आकृती बघताच सांगता यायला हवं.

आणि ते सुरुवातीचं छळणारं लंब अंतर? मोमेंटचं परिमाण √(८१ + ३६) = √११७ ≈ १०.८२. त्याला ३.५ ने भागलं की ३.०९ मीटर. बुंध्यापासून तारेपर्यंतचं सर्वांत कमी अंतर एवढं आहे. त्रिमितीत लंब अंतरावरून मोमेंट काढत बसण्यापेक्षा मोमेंटवरून लंब अंतर काढणं कितीतरी सोपं.

रेषेभोवतीचा मोमेंट

कधी कधी बिंदूभोवतीचा मोमेंट पुरेसा नसतो, कारण वस्तू एकाच रेषेभोवती फिरू शकते: दाराची बिजागरी, डिकीचं झाकण, दुमडून खाली आणता येणारा दिव्याचा खांब. अशा वेळी त्या रेषेवरचा कुठलाही एक बिंदू घेऊन नेहमीसारखा मोमेंट काढायचा आणि त्याचा रेषेच्या एकक सदिशाशी अदिश गुणाकार करायचा. उत्तर एक साधी संख्या येते. मोमेंटचा जेवढा भाग त्या रेषेभोवती फिरवतो तेवढीच ती असते, उरलेला भाग बिजागरी सोसते.

वरचाच खांब बुंध्याशी बिजागरी असलेला आहे असं धरा. बिजागरीची रेषा आडवी, एकक सदिश (०.६, ०.८, ०). तारेचा तिच्याभोवतीचा मोमेंट: (−९)·०.६ + ६·०.८ + ०·० = −०.६ किलोन्यूटन-मीटर. एकूण मोमेंट १०.८ आणि कामाचा फक्त ०.६! प्लॅनमध्ये बघा म्हणजे कारण कळेल. तार (२, ३) या दिशेला गेली आहे आणि बिजागरी (३, ४) च्या दिशेला. दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत. खांब ज्या बाजूला पडू शकतो, त्या बाजूला तार ओढतच नाही.

तार रोवायची जागा बदलून (३, −२, ०) करा. लांबी पुन्हा ७, तोच ताण, बल (१.५, −१, −३), मोमेंट (६, ९, ०). बिजागरीभोवती ६·०.६ + ९·०.८ = १०.८. तार तीच, ताण तोच, पण जवळजवळ सगळा मोमेंट आता कामाला लागला. स्टे कुठल्या दिशेला रोवायचा हे ताणापेक्षा जास्त महत्त्वाचं असतं ते यामुळे.

या भागात दोन चुका वारंवार होतात. रेषेचा सदिश (३, ४, ०) तसाच वापरतात, त्याच्या लांबीने, म्हणजे ५ ने भागायचं राहून जातं आणि उत्तर पाचपट येतं. किंवा मोमेंट रेषेबाहेरच्या बिंदूभोवती काढलेला असतो. अंतरं मिलिमीटरमध्ये आणि बलं किलोन्यूटनमध्ये मिसळली तर काय होतं ते सांगायला नकोच, फक्त सुरुवातीलाच सगळं मीटरमध्ये आणा.

हात बसवण्यासाठी

फलकाच्या गणितात वाऱ्याचं बल तिरकं लागतं आहे असं धरा: एक्सच्या उणे दिशेने ३ आणि वायच्या अधिक दिशेने ४ किलोन्यूटन. फलकाचं वजन तेच १.५, जागा तीच (५, ०, ६), भुजेचं वजन सोडून द्या. आकडेमोडीआधी तिन्ही चिन्हांचा अंदाज लिहून ठेवा, मग मोमेंट काढा आणि दोन्ही अदिश गुणाकार शून्य येतात का ते बघा.

उत्तर (−२४, −१०.५, २०) किलोन्यूटन-मीटर. मधल्या घटकाचं चिन्ह आधी अधिक होतं, आता उणे आलं. फलकाचं वजन खांबाला रस्त्याकडे ७.५ ने झुकवतं, पण ६ मीटर उंचीवरचा ३ किलोन्यूटनचा वारा त्याला १८ ने मागे ढकलतो. तुमच्या अंदाजात तिथे उणे चिन्ह असेल, तर तुम्ही सूत्र पाठ करण्याच्या पुढे गेला आहात. नसेल, तर वायच्या टोकाकडून दिसणारं दृश्य कागदावर काढा, त्यात दोनच बाण घाला, आणि कोणता बाण खांबाला कुठे नेतो ते बघून गणित पुन्हा सोडवा.